उंची आणि प्रहर : अमेरिकी वाळवंटातील उन्हाळी मोटारप्रवास

अमेरिकेच्या नैऋत्य भागातील वाळवंटाचा प्रवास आखताना बहुतेक मित्रमंडळी आधी स्थळांची यादी करतात आणि मग ती स्थळे नकाशावर रेघेने जोडतात. हिवाळ्यात ही पद्धत चालून जाते. परंतु जून ते सप्टेंबर या काळात ती धोक्याची ठरते, कारण उन्हाळ्यातील वाळवंटात एखादे स्थळ पाहता येईल की नाही हे त्याच्या ख्यातीपेक्षा ते समुद्रसपाटीपासून किती उंच आहे आणि तेथे दिवसाच्या कोणत्या प्रहरी पोहोचायचे आहे यावर ठरते. उंची आणि प्रहर या दोन गोष्टी आधी निश्चित केल्या की मुक्काम, पाणी, इंधन व पायपीट यांचे गणित पुष्कळसे आपोआप सुटते. त्या दोहोंकडे दुर्लक्ष केले तर मात्र उत्तम गाडी आणि भरपूर पैसा हाताशी असूनही सहल फसू शकते.

उत्तर अमेरिकेत सामान्यतः चार मोठी वाळवंटे मानली जातात. नेवाडा व पश्चिम यूटा यांचा बराचसा भाग व्यापणारे ग्रेट बेसिन हे उंचावरचे, आणि म्हणून थंड, वाळवंट समजले जाते, कारण तेथील तुटपुंज्या पर्जन्याचा मोठा वाटा हिमरूपाने पडतो. त्याच्या दक्षिणेस कॅलिफोर्निया व नेवाडा यांच्या सीमाभागात मोहावी, दक्षिण ॲरिझोनात सग्वारो या उंच स्तंभाकार निवडुंगासाठी ओळखले जाणारे सोनोरन, आणि न्यू मेक्सिको व टेक्साससह मेक्सिकोत दूरवर पसरलेले चिवावा अशी उरलेल्या तिघांची मांडणी आहे. ग्रँड कॅन्यन, झायन, ब्राइस कॅन्यन व मॉन्युमेंट व्हॅली ही प्रवाशांची आवडती ठिकाणे काटेकोरपणे पाहता यांपैकी एकातही मोडत नाहीत. ती कोलोरॅडो पठारावर आहेत, आणि हे पठार रुक्ष असले तरी बहुतांशी १,५०० मीटरपेक्षा उंच आहे, ही गोष्ट उन्हाळी प्रवाशाच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाची आहे. या प्रदेशाच्या कोरडेपणाचे एक प्रमुख कारण म्हणजे पर्जन्यछाया. पॅसिफिक महासागरावरून येणारी बाष्पयुक्त हवा सिएरा नेवाडा पर्वताच्या पश्चिम उतारावर चढताना थंड होऊन पाऊस व बर्फ टाकते आणि पलीकडे उतरताना कोरडी होऊन तापते. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर कोसळणारा पाऊस माण-खटावपर्यंत पोहोचेतो आटतो, त्यामागचे तत्त्व हेच आहे. फरक इतकाच की डेथ व्हॅलीच्या पश्चिमेस अशा पर्वतरांगा एकामागे एक उभ्या असल्याने तेथे वर्षाकाठी सरासरी जेमतेम ५ सेंटिमीटर पाऊस पडतो.

डेथ व्हॅलीतील बॅडवॉटर बेसिन हा मिठाने माखलेला सपाट तळ समुद्रसपाटीहून ८६ मीटर खाली आहे. दरी लांब, अरुंद आणि उंच डोंगरांनी वेढलेली असल्यामुळे तापलेली हवा वर जाऊन पुन्हा खाली येते, खाली येताना दाबामुळे आणखी तापते, आणि रात्रीही पुरेशी निवत नाही. दरीतील फर्नेस क्रीक येथे १० जुलै १९१३ रोजी नोंदले गेलेले ५६.७ अंश सेल्सिअस तापमान हा जागतिक उच्चांक मानला जातो. त्या नोंदीविषयी काही हवामानतज्ज्ञ शंका घेतात, परंतु ऑगस्ट २०२० व जुलै २०२१ मध्ये तेथेच आधुनिक उपकरणांनी ५४.४ अंशांची नोंद केलेली असल्याने प्रवाशाच्या दृष्टीने त्या वादाला फारसा अर्थ उरत नाही. १५ जुलै १९७२ रोजी तेथील जमिनीच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे ९४ अंश सेल्सिअस, म्हणजे पाणी उकळण्याच्या जवळपास, नोंदले गेले होते, ही बाब पादत्राणे निवडताना ध्यानात ठेवावी. २३ मे २०१३ रोजी नागपुरात पारा ४७.९ अंशांवर गेला होता, त्यामुळे विदर्भाचा उन्हाळा अंगावर काढलेल्या मंडळींना हे आकडे केवळ सहा ते नऊ अंशांनी अधिक वाटण्याचा संभव आहे. पण विदर्भातला शहाणा माणूस भर दुपारी घराबाहेर पडत नाही, आणि सहलीला निघालेला माणूस नेमका त्याच वेळी छायाचित्रे काढण्यासाठी गाडीतून उतरतो. खरा धोका या फरकात आहे.

डेथ व्हॅली राष्ट्रीय उद्यानाच्या मार्गदर्शनानुसार उंची दर १,००० फुटांनी, म्हणजे सुमारे ३०० मीटरने, वाढली की तापमान ३ ते ५ अंश फॅरनहाइटने कमी होते. दांतेज व्ह्यू ही जागा बॅडवॉटरच्या जवळजवळ थेट वर, १,६६९ मीटर उंचीवर आहे. या हिशेबाने खाली ५० अंश सेल्सिअस असताना वर ३४ ते ४० अंश असू शकतात. प्रवासाची आखणी करताना प्रत्येक मुक्कामासमोर त्याची उंची लिहून ठेवावी आणि शक्य तेथे रात्रीचा मुक्काम १,५०० मीटरपेक्षा वर घ्यावा. तंबूत राहण्याचा विचार असेल तर हा नियम सक्तीचा समजावा, कारण सखल वाळवंटात जुलैच्या रात्रीही पारा ३० अंशांच्या खाली येईलच असे नाही आणि डेथ व्हॅलीतील बरीचशी तंबूस्थळे उन्हाळ्यात बंदच ठेवली जातात. फ्लॅगस्टाफ, ब्राइस कॅन्यन किंवा नेवाडातील ग्रेट बेसिन राष्ट्रीय उद्यानाचा उंच भाग येथे मात्र त्याच दिवसांत रात्री स्वेटर लागतो. आकाशदर्शनाची आवड असणाऱ्यांसाठी ही सोयीची गोष्ट आहे. फ्लॅगस्टाफ हे २००१ मध्ये जगातील पहिले आंतरराष्ट्रीय ‘कृष्णाकाश नगर’ म्हणून मान्य झाले, म्हणजे रात्रीचे आकाश काळेभोर राहावे यासाठी तेथे दिव्यांवर निर्बंध आहेत.

या तत्त्वावर आखलेला एक व्यवहार्य मार्ग लास व्हेगासपासून सुरू होतो. सुमारे ६०० मीटर उंचीवरचे हे शहर उन्हाळ्यात स्वतःच भाजून निघते, म्हणून गाडी ताब्यात घेणे आणि किराणा भरणे एवढ्यापुरताच त्याचा उपयोग करावा व पहाटे निघून सुमारे २६० किलोमीटरवरील झायन गाठावे. झायनच्या दरीचा तळ १,२०० मीटरवर असल्याने तेथे जुलैच्या दुपारी ३८ अंशांपलीकडे तापमान सहज जाते. शिवाय हंगामात दरीतील मुख्य रस्त्यावर खासगी गाड्यांना बंदी असून उद्यानाच्या बसनेच फिरावे लागते, त्यामुळे वाहनतळ भरण्यापूर्वी पोहोचणे हा उष्णतेइतकाच गर्दीवरचाही उपाय ठरतो. एंजल्स लँडिंग या अरुंद सुळक्यावरील चढाईसाठी एप्रिल २०२२ पासून सोडतीद्वारे परवाना घ्यावा लागतो, आणि तो मिळाला नाही तर हळहळण्याचे कारण नाही. भर उन्हाळ्यात साखळी धरून तापलेला खडक चढण्याला पर्याय पुष्कळ आहेत. झायनहून दोन तासांवरील ब्राइस कॅन्यनचा कडा २,४०० ते २,७०० मीटर उंचीवर आहे आणि तेथे जुलैत दुपारीही चालता येते. म्हणून ज्या मंडळींना चालण्याची हौस आहे त्यांनी जास्तीचा दिवस झायनला न देता ब्राइसला द्यावा. पुढे पेज हे गाव, मॉन्युमेंट व्हॅली, ग्रँड कॅन्यनचा दक्षिण कडा, फ्लॅगस्टाफ आणि परत लास व्हेगास असे वर्तुळ पूर्ण होते. गडबड न करता ते पाहण्यास आठवडाभर तरी हवा.

ग्रँड कॅन्यनबाबत एक इशारा आवश्यक आहे, कारण तेथे उंचीचा नियम उलटा लागू होतो. दक्षिण कडा सुमारे २,१०० मीटरवर असल्याने सकाळी हवा आल्हाददायक असते, पायवाट उताराची असते, आणि उतरणाऱ्याला प्रत्येक पावलागणिक आपण अधिक उष्ण हवेत शिरत आहोत हे चटकन उमगत नाही. परतीची चढण मात्र दुपारच्या उन्हात, दमलेल्या पायांनी करावी लागते. डोंगर चढणारा माणूस दमला की खाली उतरतो. येथे दमलेल्या माणसाला वर चढावे लागते. सह्याद्रीतील गडकिल्ल्यांची सवय असलेल्यांची येथे विशेष फसगत होऊ शकते. उन्हाळ्यात सकाळी १० ते दुपारी ४ या वेळेत कड्याखालच्या वाटांवर चालू नये, असे उद्यानाचे स्पष्ट सांगणे आहे, आणि कड्यावरून कोलोरॅडो नदीपर्यंत जाऊन त्याच दिवशी परतण्याचा बेत तर मुळीच करू नये.

डेथ व्हॅली उन्हाळ्यात पाहायचीच असेल तर ती या वर्तुळाला जोडलेली एक पहाट म्हणून पाहावी. आदल्या रात्री नेवाडातील बीटी या सुमारे १,००० मीटर उंचीवरच्या गावी मुक्काम करून उजाडण्याच्या सुमारास बॅडवॉटरला पोहोचावे, मिठाच्या तळावर थोडे चालून यावे, मग झाब्रिस्की पॉइंट येथील पिवळसर मातीच्या घड्या पाहाव्यात आणि शेवटी दांतेज व्ह्यूला जाऊन तेथून पूर्वेकडे बाहेर पडावे. या क्रमात सूर्य जसजसा वर चढतो तसतशी गाडीही वर चढते, आणि सखल भागात सकाळी १० नंतर पायी फिरू नये या उद्यानाच्या सूचनेचे पालन विनासायास होते. याउलट दुपारी लास व्हेगासहून निघून सूर्यास्तासाठी दरीतील वाळूच्या टेकड्यांवर जाण्याचा बेत दिसायला आकर्षक असला तरी अयोग्य आहे, कारण संध्याकाळी वाळू दिवसभराची उष्णता बाळगून असते. जुलै २०२४ मध्ये एका बेल्जियन पर्यटकाच्या सपाता या टेकड्यांवर तुटल्या किंवा हरवल्या आणि थोडेसे अनवाणी चालल्याने त्याचे तळपाय खोलवर भाजले. अतिउष्ण हवा विरळ असल्यामुळे हेलिकॉप्टरला आवश्यक ती उचल मिळत नाही, म्हणून त्याला आधी रुग्णवाहिकेने उंचावरच्या, तुलनेने थंड जागी न्यावे लागले. तापमान सुमारे ४९ अंशांपलीकडे गेले की बचावाची हेलिकॉप्टरे सामान्यतः उडू शकत नाहीत. म्हणजेच ज्या वेळी मदतीची गरज सर्वाधिक असते त्याच वेळी ती सर्वांत दुर्मीळ असते.

पाण्याच्या बाबतीत माणशी दिवसाला किमान ४ लिटर हा हिशेब धरावा आणि पायी फिरणाऱ्याने त्याहून अधिक ठेवावे. पाच जणांच्या गाडीत एका दिवसाचेच पाणी २० किलो भरते, शिवाय अडकून पडल्यास लागणारा राखीव साठा वेगळा. तेव्हा गाडी निवडताना आसनांची संख्या पाहण्याआधी डिकी पाहावी. कोरड्या हवेत घाम त्वचेवर दिसण्यापूर्वीच उडून जातो, त्यामुळे मुंबई-कोकणात घामाने भिजलेल्या सदऱ्यावरून जो अंदाज येतो तो येथे येत नाही, आणि तहान लागेपर्यंत थांबणाऱ्याच्या शरीरातील पाणी आधीच घटलेले असते. मात्र केवळ पाणीच पीत राहणे हेही अपायकारक आहे, कारण घामावाटे गेलेले मीठ भरून न काढता भरमसाट पाणी प्यायल्यास रक्तातील सोडियमचे प्रमाण घसरते, आणि या अवस्थेची मळमळ, डोकेदुखी व गोंधळलेपणा ही लक्षणे उष्माघातासारखीच भासतात. जलसंजीवनीची पाकिटे, लिंबू-मीठ-साखरेचे सरबत आणि मराठी घरांतून प्रवासाला हमखास निघणारा चिवडा यांचा येथे खरोखरच उपयोग होतो. थकवा, चक्कर, स्नायूंत गोळे आणि भरपूर घाम ही उष्णतेने आलेल्या ग्लानीची लक्षणे असून सावली, विश्रांती व मीठयुक्त पेय यांनी ती आटोक्यात येतात. परंतु माणूस असंबद्ध बोलू लागला, अडखळू लागला किंवा शुद्ध हरपू लागला तर तो उष्माघात समजून ९११ या क्रमांकावर तत्काळ कळवावे व मदत येईपर्यंत त्याचे अंग पाण्याने भिजवून वारा घालत राहावे. रक्तदाबाची, लघवीचे प्रमाण वाढवणारी किंवा ॲलर्जीची काही औषधे उष्णता सोसण्याची शरीराची क्षमता कमी करतात, म्हणून अशी औषधे घेणाऱ्यांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

गाडी बहुधा भाड्याची असते, आणि करार न वाचता सही करण्याची सवय येथे महागात पडते. बहुतेक करारांत कच्च्या रस्त्यावर गाडी नेण्यास मनाई असते. डेथ व्हॅलीतील रेसट्रॅक प्लाया, म्हणजे ज्या कोरड्या सरोवरतळावर दगड स्वतः सरकल्याच्या खुणा उमटतात ते प्रसिद्ध ठिकाण, जवळपास ४३ किलोमीटरच्या खडबडीत वाटेच्या टोकाला आहे आणि तिथल्या धारदार खडीने साधे टायर फाटतात, म्हणून साध्या गाडीच्या प्रवाशांनी ते यादीतून काढून टाकावे. २५ वर्षांखालील चालकाकडून बहुतेक कंपन्या अधिभार घेतात, आणि करारात नाव नसलेल्या मित्राने गाडी चालवताना अपघात झाल्यास विमा नाकारला जाऊ शकतो; विद्यार्थ्यांच्या गटांनी अधिभाराचा व जादा चालकाचे नाव करारात घालण्याचा खर्च आधीच वाटून घ्यावा. भारतातून आलेल्यांनी मूळ परवान्यासोबत आरटीओकडून मिळणारा एक वर्ष मुदतीचा आंतरराष्ट्रीय वाहनपरवाना आणावा. गाडीच्या नुकसानीचा विमा आणि दुसऱ्याला झालेल्या इजा-हानीची भरपाई देणारा दायित्व विमा या दोन वेगळ्या गोष्टी असून दुसरा अधिक महत्त्वाचा आहे, कारण अमेरिकेतील वैद्यकीय खर्च लक्षात घेता दायित्वाची रक्कम गाडीच्या किमतीच्या कित्येक पट होऊ शकते.

टायरमधील हवा पहाटे, टायर थंड असताना तपासावी. धावून तापलेल्या टायरमधला वाढलेला दाब पाहून हवा कमी करू नये, कारण मग थंड झाल्यावर दाब अपुरा राहतो आणि अपुऱ्या दाबाचा टायरच उष्णतेत फुटतो. स्टेपनी व जॅक गाडीत खरोखर आहेत का हे वाहनतळावरच पाहावे, कारण अलीकडच्या कित्येक गाड्यांत स्टेपनीऐवजी केवळ हवा भरण्याचा संच असतो. लांब चढणीवर इंजिनाचा तापमापक लाल खुणेकडे सरकू लागल्यास वातानुकूलन बंद करून हीटर पूर्ण लावावा. हा उपाय विचित्र वाटला तरी त्यामुळे इंजिनाची उष्णता गाडीच्या आत ओढली जाऊन इंजिनाला उसंत मिळते, आणि तेवढ्याने भागले नाही तर गाडी बाजूला थांबवावी, पण गरम रेडिएटरचे झाकण कदापि उघडू नये. इंधनाची टाकी निम्मी झाली की भरायची हा नियम पाळावा. यूटामध्ये ७० क्रमांकाच्या आंतरराज्य महामार्गावर ग्रीन रिव्हर ते सलायना या शंभरहून अधिक मैलांच्या टप्प्यात एकही पेट्रोल पंप नाही, आणि ही तर मुख्य रस्त्याची स्थिती आहे. विजेच्या गाडीने जाणाऱ्यांनी वेग, चढण व सततचे वातानुकूलन यांमुळे पल्ला घटतो हे जमेस धरून पुढील चार्जिंग केंद्र आणि त्याच्या पुढचेही केंद्र ठरवून ठेवावे.

वाळवंटातील अनेक दुर्घटनांचे मूळ उष्णतेआधी नकाशात सापडते. जुलै १९९६ मध्ये जर्मनीहून आलेले दोन प्रौढ व दोन मुले डेथ व्हॅलीच्या दक्षिणेकडील दुर्गम भागात भाड्याच्या व्हॅनसह बेपत्ता झाली. व्हॅन त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये एका कोरड्या घळीत पंक्चर झालेल्या टायरांसह सापडली, तर मानवी अवशेष थेट २००९ मध्ये तेथून काही मैलांवर मिळाले. मोबाइलवरील दिशादर्शन प्रणालीला जवळची वाट कळते, पण ती वाट वीस वर्षांपूर्वीच मोडली आहे हे कित्येकदा कळत नाही, आणि दोन गावांमधील मोठ्या पट्ट्यांत मोबाइलला जाळेच मिळत नाही. म्हणून नकाशे आधी उतरवून घ्यावेत, उद्यानाच्या प्रवेशद्वाराशी मिळणारा कागदी नकाशा वापरावा आणि डांबरी रस्ता सोडू नये. गाडी बंद पडली तर ती सोडून चालत निघू नये, कारण शोधपथकाला आकाशातून माणसापेक्षा गाडी लवकर दिसते आणि गाडीची सावलीही मिळते. बॉनेट उघडे ठेवून तिच्या छायेत बसावे. काही नव्या मोबाइलमध्ये जाळे नसतानाही उपग्रहाद्वारे आणीबाणीचा संदेश पाठवण्याची सोय आहे. ती कशी वापरायची हे घरीच शिकून घ्यावे.

जुलै ते सप्टेंबर या महिन्यांत दुसरा धोका पाण्याचा असतो, आणि वाळवंटात बुडून मरण्याची कल्पना हास्यास्पद वाटत असल्यामुळेच तो अधिक घातक ठरतो. ॲरिझोना व परिसरात या काळात वारे दिशा बदलून दक्षिणेकडून बाष्प आणतात. तेथील हवामान खाते यालाही मान्सूनच म्हणते आणि त्याचा काळ १५ जून ते ३० सप्टेंबर असा धरते. दुपारनंतर कोसळणारा वळीव कठीण, उघड्या जमिनीत मुरत नाही, तो ‘वॉश’ नावाच्या एरवी कोरड्या ओढ्यांतून लोंढ्याने वाहतो. १२ ऑगस्ट १९९७ रोजी पेजजवळच्या अँटिलोप कॅन्यनमध्ये अशा लोंढ्याने ११ जणांचा बळी घेतला, आणि पाऊस पडला होता तो तेथून कित्येक मैल दूर. खडकातील खूप खोल पण हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील इतक्या अरुंद घळींना ‘स्लॉट कॅन्यन’ म्हणतात. तेथे वरचे आकाश निळे असणे हा सुरक्षिततेचा पुरावा नव्हे, म्हणून आत शिरण्यापूर्वी संपूर्ण पाणलोट क्षेत्राचा अंदाज पाहावा. रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर फूटभर पाणीही लहान गाडी वाहून नेऊ शकते. ॲरिझोनात अडथळे ओलांडून पाण्यात गाडी घालणाऱ्याकडून सुटकेचा खर्च २,००० डॉलरपर्यंत वसूल करणारा कायदा आहे, आणि लोक त्याला ‘मूर्ख वाहनचालकांचा कायदा’ म्हणतात. नाव कठोर आहे, पण अन्यायाचे नाही. याच वादळांपुढे कधी कधी धुळीची प्रचंड भिंत चालून येते. अशा वेळी रस्त्यापासून शक्य तितके दूर थांबून सर्व दिवे, इशाऱ्याचे दिवेसुद्धा, बंद करावेत, हँडब्रेक लावावा व ब्रेकवरचा पाय काढावा, अन्यथा मागून येणारा चालक लाल दिवा पाहून रस्ता तिकडेच आहे असे समजून येऊन आदळतो.

मॉन्युमेंट व्हॅली व अँटिलोप कॅन्यन ही ठिकाणे राष्ट्रीय उद्याने नसून नावाहो या आदिवासी राष्ट्राच्या भूमीवर आहेत. तेथे केंद्र सरकारचा उद्यानपास चालत नाही, मद्य बाळगण्यास बंदी आहे, अँटिलोप कॅन्यनमध्ये मार्गदर्शकाविना प्रवेश नाही आणि रहिवाशांचे छायाचित्र त्यांच्या अनुमतीशिवाय काढणे अशिष्ट समजले जाते. लगतच्या होपी गावांत तर छायाचित्रणच वर्ज्य आहे. घड्याळाचाही घोळ येथेच होतो. ॲरिझोना राज्य उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, नावाहो भूमीत मात्र ते तासाभराने पुढे असते, आणि मोबाइल जवळच्या मनोऱ्याप्रमाणे वेळ बदलत राहतो. त्यामुळे आरक्षण करतानाच दिलेली वेळ कोणत्या घड्याळाची हे विचारून घ्यावे. राष्ट्रीय उद्यानांच्या शुल्कात २०२६ पासून बदल झाला असून अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी वार्षिक पास ८० डॉलरचा, तर परदेशातून आलेल्यांसाठी २५० डॉलरचा आहे, आणि पास नसलेल्या परदेशी पाहुण्याला ग्रँड कॅन्यन, झायन व ब्राइससह ११ उद्यानांत नेहमीच्या शुल्काखेरीज माणशी १०० डॉलर द्यावे लागतात. भारतातून आलेले मित्र वा नातलग सोबत असतील तर हा खर्च अंदाजपत्रकात आधीच धरावा. व्हिसावर राहणाऱ्या विद्यार्थ्यांनी व नोकरदारांनी मूळ पारपत्र व आय-९४ या प्रवेशनोंदीची प्रत जवळ ठेवावी, कारण मेक्सिको सीमेलगतच्या महामार्गांवर देशाच्या आतही तपासणी नाकी असतात. गांजा कॅलिफोर्निया, नेवाडा व ॲरिझोनात राज्याच्या कायद्याने मान्य असला तरी राष्ट्रीय उद्यानांत केंद्राचा कायदा लागू असून तेथे तो गुन्हा आहे, आणि नागरिक नसलेल्याला त्याची किंमत व्हिसाच्या रूपाने मोजावी लागू शकते.

राहता राहिला सोबत्यांचा प्रश्न. गटाने प्रवासात एकच चालक झिजवू नये; दोन तासांनी चालक बदलावा आणि चालकाशेजारी बसणाऱ्याने झोपू नये, असा दंडक निघण्यापूर्वीच सर्वांनी मान्य करावा. पहाटे चारला उठणे हा या प्रवासाचा कणा असल्यामुळे ज्यांना रात्रीच्या मैफली सोडवत नाहीत त्यांच्यासाठी हा ऋतू नाही, हे स्पष्ट बोलून घ्यावे. गटातील कोणीही एकाने परत फिरण्याची मागणी केली तर कारण न विचारता सर्वांनी परतावे, कारण उष्णतेने ग्रासलेल्या माणसाला आपली अवस्था नीट सांगता येत नाही आणि मित्रांच्या थट्टेच्या भीतीने तो गप्पही राहतो. दिवसाचा मार्ग व मुक्कामी पोहोचण्याची अपेक्षित वेळ घरी राहिलेल्या एखाद्या व्यक्तीला रोज कळवावी, आणि त्या वेळेनंतर किती तासांनी कोणाला फोन करायचा हेही तिला सांगून ठेवावे.

ज्यांना जुलै-ऑगस्टशिवाय सवड नाही त्यांनी पठारावरचे वर्तुळ निःशंकपणे करावे. मात्र डेथ व्हॅलीत दिवसभर भटकायचे असेल तर प्रवास नोव्हेंबर ते मार्च या काळापर्यंत पुढे ढकलावा. तेव्हा तेथील दुपारचे सरासरी तापमान १८ ते २८ अंश सेल्सिअस असते, आणि बर्फ पडते ते ब्राइसला.